जुना लॅपटॉप विकताय? आधी डी ड्राइव्ह उघडून बघा

काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेला लॅपटॉप घेतला. ‘फॉरमॅट मारून दिलाय’ असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. विंडोज खरंच कोरं होतं. सहज डी ड्राइव्ह उघडला, तर ‘न्यू फोल्डर (३)’ मध्ये ओळखपत्रांचे स्कॅन, कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो आणि ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल. ती न उघडता सगळं उडवलं आणि त्याला फोन केला. ‘अहो, पण मी रीसेट केला होता!’ म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. विंडोजचा रीसेट आपणहून फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह साफ करतो. बाकीचे ड्राइव्ह साफ कर म्हणून वेगळं सांगावं लागतं. आणि आपण फोटो कुठे ठेवतो? ‘सी भरतं’ म्हणून डीमध्ये.

तेव्हापासून घरातला कुठलाही लॅपटॉप विकायला निघाला की तो आधी माझ्या टेबलावर येतो.

पहिलं काम बॅकअपचं. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली खरोखर उघडून बघा. बॅकअप झाला की थांबा, हाताने काहीही डिलीट करू नका. माझ्या बहिणीने ‘निदान फोटो तरी काढून टाकते’ म्हणत डेस्कटॉपवरचे फोल्डर उडवले. तिचा डेस्कटॉप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या साठवणीला, जोडलेला होता. लॅपटॉपवरून गेलं ते क्लाउडवरूनही गेलं. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रीसायकल बिनमध्ये ते ३० दिवस राहतं म्हणून वाचली. ज्या फाइलींपुढे ढगाचं चिन्ह दिसतं त्या मुळात लॅपटॉपवर नसतातच, हेही बॅकअप घेताना ध्यानात असू द्या.

मग साइन आउट: ब्राउझर, मेल, व्हॉट्सॲप, आणि पैसे भरून घेतलेली सॉफ्टवेअर. ज्यांचं लायसन्स ठरावीक मशीनपुरतं असतं ती आधी डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर नव्या लॅपटॉपवर ‘मर्यादा संपली’ ऐकावं लागतं. वायफाय, कॅमेरा, स्पीकर, कीबोर्डची प्रत्येक कळ याच टप्प्यावर तपासून घ्या. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, पासवर्ड दिला असेल तर तोही काढा. रीसेटने तो जात नाही.

आता मुख्य काम. चार्जर लावा, पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क काढून ठेवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे ‘रीसेट धिस पीसी’. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं की लोक नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटतात. तसं करू नका. पुढे बारीक अक्षरात ‘चेंज सेटिंग्ज’ असतं, ते उघडा. ‘क्लीन डेटा’ चालू करा आणि एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली काढण्याचा पर्यायही चालू करा. माझ्या लॅपटॉपच्या आधीच्या मालकाने हीच खिडकी उघडली नव्हती.

‘क्लीन डेटा’ का? नुसतं डिलीट केल्याने फाइलची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो आणि फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही तो परत निघू शकतो. हा पर्याय जुन्या जागेवर नवं लिहितो. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर त्याला वेळ लागतो: १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने एकदा लिहून काढायची तरी पावणेतीन तास. रात्री लावून झोपा. पस्तीस वेळा पुसायला सांगणारा कोणीतरी भेटतोच, त्याचं ऐकू नका. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करायची सोय) एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारी, असेल तर आणखी उत्तम, किल्ली गेली की उरलेला मजकूर कुणाच्याच कामाचा नाही.

मॅकचं काम सोपं. टी२ नावाची सुरक्षेची चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असेल आणि मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यानंतरचं असेल, तर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ काही मिनिटांत काम उरकतं. आयक्लाउडमधून साइन आउट झालंय ना, एवढं मात्र नक्की बघा. मशीनला तुमच्या ॲपल खात्याशी बांधून ठेवणारा ॲक्टिव्हेशन लॉक राहिला तर घेणाऱ्याच्या हातात ठोकळा.

रीसेट संपल्यावर विंडोज तुमचा देश विचारतं. बरेच जण इथे ‘ॲडमिन’ नावाचा युजर बनवून १२३४ पासवर्ड ठेवतात. कशाला? नाव घेणाऱ्याला देऊ द्या. मी फार तर नेटवर्कच्या पानापर्यंत जातो, वायफायची यादी दिसते का बघतो आणि न जोडता पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करतो. विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे ‘प्रॉडक्ट की’ शोधत बसावं लागत नाही. ऑफिसचं तसं नाही, ते तुमच्या खात्याबरोबर जातं. ‘ऑफिससकट’ असं जाहिरातीत लिहू नका.

मशीन विंडोज १० वर असेल तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असेल तर ११ टाकूनच विका. नसेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो, तेही तसं सांगून.

शेवटी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर जाऊन डिव्हाइसच्या यादीतून विकलेलं मशीन काढा. मी पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा तिथे चार लॅपटॉप होते. त्यातले दोन केव्हाच विकले होते.