दोन लिस्ट डिट्टो सारख्या, तरी जावा फॉल्स म्हणतंय?

इकडे नाशकात एका द्राक्ष व्यापाऱ्याचं ॲप करत होतो, सकाळची आवक आणि संध्याकाळची नोंद जुळते का एवढंच बघायचं होतं, दोन्हीकडे थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस, वजनं पण तीच, आणि इक्वल्स (दोन गोष्टी सारख्या आहेत का हे सांगणारी जावाची मेथड) काही केल्या ट्रू देईना. मिसळ खाताना पण डोक्यात तेच.

चूक लिस्टची नव्हतीच. लिस्टचं इक्वल्स एकेक आयटमला विचारतं, तू समोरच्यासारखा आहेस का, आणि आपल्या पेटी क्लासमध्ये (द्राक्षाच्या एका पेटीचा कोडमधला साचा) इक्वल्स लिहिलेलंच नसेल तर ती फक्त मेमरीतला तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघते. डेटाबेसमधून दोनदा वाचलं की साधारण दोन वेगळे ऑब्जेक्ट, विषय संपला.

इक्वल्स लिहाल तर हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा) पण लिहाच, नाहीतर त्या आकड्यावरून शोधणारा हॅशसेट गंडतो. जावा १६ किंवा पुढचं असेल तर सरळ रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवायचा छोटा क्लास) वापरा, दोन्ही फुकट मिळतं. फक्त वजन बिगडेसिमल (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) असेल तर ८.२ आणि ८.२० इक्वल्सला वेगळे वाटतात (हे मला फार उशिरा कळलं), तिथे किंमत ताडायला कंपेअरटू मेथड.

लिस्टमध्ये क्रमही जुळावा लागतो, तो नको म्हणून लोक सेटमध्ये टाकतात, पण मग सारख्या दोन पेट्यांची एकच होते आणि हिशोब बोंबलतो! त्यापेक्षा मॅपमध्ये पेटी आणि तिची संख्या मोजा, दोन मॅप इक्वल्सने ताडून बघा. साधा ॲरे असेल तर ॲरेज.इक्वल्स.