अँबॅसिडरचे टॅपेट घरच्या घरी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

टॅपेट (इंजिनातली व्हॉल्व्ह दाबून उघडणारी यंत्रणा) वाजायला लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘जरा आवळून घ्या की!’ असा सल्ला देणाऱ्याच्या हातात पाना देऊ नका. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, जास्त आवळलेला टॅपेट व्हॉल्व्हच जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप पुरेशी नसेल तर इंजिन तापल्यावर तो पुरता टेकत नाही, कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवायची वेळ येते. त्यापेक्षा थोडी टकटक परवडली.

मी सांगतोय ते जुन्या 1489 सीसी पेट्रोल अँबॅसिडरबद्दल. मूळ बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज इंजिन, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं. इसुझू इंजिनाच्या अँबॅसिडरला यातले आकडे लावू नका. आणि हायड्रॉलिक टॅपेटची (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारी) गाडी असेल तर तुम्हाला हे काही करायचंच नाही, सुटलात.

सामान फार नाही. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचा संच), चेकनटला (रॉकरवरचा स्क्रू जागी धरून ठेवणाऱ्या नटला) बरोबर बसणारा रिंग पाना, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, फडकी आणि टॅपेट कव्हरचं नवं कॉर्क पॅकिंग. पॅकिंग आधी आणून ठेवा. जुनं निघताना तुटतंच, आणि रविवारी दुपारी सांगलीत दुकान शोधत फिरायची वेळ येते. फिलर गेज मात्र स्वस्तातलं घेऊ नका. पात्यावर छापलेल्या आकड्यावर आपला भरवसा असतो.

गॅप 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला तीच, ही या इंजिनाची मेहरबानी. आपल्या गाडीचं पुस्तक असेल तर आकड्यापुढे थंड लिहिलंय की गरम, तेवढं बघा. माझं काम थंड इंजिनावरच चालतं. आमच्याकडे विश्रामबागेत एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर बॉनेटखाली हात घालवत नाही, म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडायची.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची एक वायर काढलेली. चारही प्लग काढा. मग इंजिन पुढून लावायच्या हँडलने अलगद फिरतं. प्लगच्या भोकांत फडकं कोंबू नका, वरून नुसतं झाका. आता कव्हरवरचे दोन नट सोडा आणि कव्हर उचला. समोर एका रांगेत आठ रॉकर दिसतील. रेडिएटरकडून मोजायला सुरुवात करा: 1, 4, 5 आणि 8 एक्झॉस्ट, मधले 2, 3, 6, 7 इनलेट.

आता नवाचा हिशेब. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असेल त्याचा नंबर नवातून वजा करा, जो उरेल त्याची गॅप बघायची. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला करायचा, सहावा दाबलेला तेव्हा तिसरा. हँडल पुढे फिरवत गेलं की क्रम आपोआप येतो: 1, 3, 5, 2, 8, 6, 4, 7. हा क्रम खडूने फेंडरवर लिहून ठेवा आणि झाला की खूण करा. हँडल तंतोतंत जागी थांबलं नाही तरी बिघडत नाही, कारण जोडीतल्या बंद व्हॉल्व्हखाली कॅमचा गोल, न उचलणारा भाग आलेला असतो. स्प्रिंग पुरती दबली, एवढं दिसलं की थांबा.

खरं काम इथून पुढे. रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये 0.015 चं पातं सरळ घाला, तिरकं नको. पंचांगात दाबून ठेवलेली नोट ओढताना जेवढं अडतं, तेवढंच पातं अडायला हवं. सैल असेल किंवा जातच नसेल तर रिंग पान्याने चेकनट ढिला करा, स्क्रू थोडा फिरवा, पुन्हा पातं ओढून बघा. बरोबर वाटलं की स्क्रू ड्रायव्हर एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने चेकनट आवळा. आणि आता परत मोजा! पहिल्यांदा करणारे हीच पायरी गाळतात. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि गॅप बदलते, त्यामुळे दोन-तीनदा सोडावं लागलं तर चिडू नका. शंका वाटली तर शेजारची दोन पाती लावा: 0.014 आरामात सरकलं पाहिजे, 0.016 ला जोर लागला पाहिजे. आठही झाले की हँडल फिरवून पूर्ण फेरी पुन्हा तपासा.

गॅप बरोबर आणि तरी एखादा वाजतोच, असं झालं तर त्या रॉकरचं टोक नखाने चाचपा. तिथे खळगा पडलेला असतो. सपाट पातं खळग्यावर आडवं बसतं आणि खरी गॅप दिसते त्यापेक्षा जास्त असते. तो रॉकर काढून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात घासून आणा किंवा बदला, पण आवाजासाठी गॅप कमी करू नका.

कव्हर बसवताना जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून काढा, पण इंजिनात पडू देऊ नका. मग प्लग, बॅटरीची वायर, आणि गाडी चालू. गरम झाल्यावर काचा खाली करून मिरज रोडला एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून हळू चालवा. टॅपेटचा आवाज भिंतीवरून स्वच्छ परत येतो. आठही जणांची सारखी, बारीक टिकटिक यायला हवी. परत आल्यावर कव्हरच्या कडेने बोट फिरवा. तेल लागलं तर नट आणखी पिळू नका, कव्हरचा पत्रा वाकतो. पॅकिंग काढून पुन्हा नीट बसवा.