वजन बदललं की रक्कम लगेच बदलली पाहिजे

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांसाठी मी विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे फॉर्म बनवायच्या डॉटनेटच्या साधनात) पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाचा, प्रोग्राम लिहितो. दिवाणजींची मागणी साधी असते. १,२४० किलो आणि क्विंटलला ४,२०० दर टाकला की ५२,०८० समोर दिसले पाहिजेत. शेतकरी स्क्रीनकडे बघतच उभा असतो.

बरेच जण हा हिशेब टेक्स्टबॉक्सच्या टेक्स्टचेंज्ड इव्हेंटमध्ये, म्हणजे चौकटीतला मजकूर बदलला की चालणाऱ्या कोडमध्ये, कोंबतात. नका कोंबू. पुढे तोच हिशेब छपाईला लागतो आणि फॉर्ममधून उकरून काढावा लागतो. हिशेब ‘पट्टी’ क्लासने करायचा, फॉर्मने फक्त दाखवायचा.

त्या क्लासला आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस लावा, म्हणजे आकडा बदलला की क्लास तसं फॉर्मला कळवू शकतो. ‘वजन’च्या सेटरमध्ये (नवा आकडा बसवणाऱ्या कोडमध्ये) आलेला आकडा जुन्याइतकाच असेल तर तिथूनच परत फिरा. नसेल तर आधी साठवा, मगच प्रॉपर्टीचेंज्ड हा इव्हेंट फायर करा. उलटं केलं तर फॉर्म जुनाच आकडा वाचून बसतो. प्रॉपर्टीचं नाव अवतरणात लिहिण्यापेक्षा नेमऑफ वापरा, म्हणजे स्पेलिंग चुकलं की कंपायलरच ओरडतो.

खरी गोम ‘रक्कम’मध्ये आहे. तिला सेटर नाही, ती गुणाकारातून निघते. मग ती बदलली हे सांगणार कोण? ‘वजन’ आणि ‘दर’ या दोघांच्या सेटरमध्ये ‘रक्कम’च्या नावानेही इव्हेंट फायर करायचा. हमाली, तोलाई वजा करून ‘निव्वळ देणे’ दाखवत असाल तर त्याच्याही नावाने. फॉर्मवर आकडा अडकलाय म्हणून कुणी मला कोड दाखवतं, तेव्हा बहुतेक वेळा हीच ओळ गायब असते.

फॉर्मवरची चौकट क्लासच्या प्रॉपर्टीला जोडते ती बाइंडिंग. तिचा डेटासोर्सअपडेटमोड, म्हणजे आकडा क्लासकडे कधी पाठवायचा ती सेटिंग, मुळात ऑनव्हॅलिडेशन असतो. दिवाणजी टॅब मारून चौकट सोडेपर्यंत आकडा क्लासपर्यंत पोचतच नाही. टाइप करता करता हवा असेल तर ऑनप्रॉपर्टीचेंज्ड ठेवा. दराला मी मुळातलाच राहू देतो. अर्धवट ‘४२’वर रक्कम नाचली की समोरचा शेतकरी दचकतो.

इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टवर असेल तर डेटारिसीव्ह्ड इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर (फॉर्मला समांतर चालणाऱ्या कामात) येतो. तिथूनच ‘वजन’ सेट केलंत तर फॉर्म क्रॉस-थ्रेडच्या एररने कोसळू शकतो. बिगिनइन्व्होकने फॉर्मच्या थ्रेडवर या, मग सेट करा.

‘जतन करा’ बटण चालू करायला बाइंडिंगसोर्सचा (फॉर्म आणि पट्ट्यांची यादी यांच्यातल्या दुव्याचा) करंटआयटमचेंज्ड इव्हेंट धरू नका. यादीतली नुसती निवडलेली ओळ बदलली तरी तो येतो. थेट पट्टीच्या प्रॉपर्टीचेंज्डला हँडलर जोडा आणि फॉर्म बंद करताना आठवणीने काढा, नाहीतर पट्टी जिवंत असेपर्यंत बंद केलेला फॉर्मही मेमरीत पडून राहतो.