बोटीवर राहताना घरच्यांच्या भेटीला कसे जावे

शिडाच्या बोटीवर कायम राहणाऱ्या माणसाला नुसते तिकीट काढून घरी निघता येत नाही. त्याचे घर पाण्यावर असते, आणि त्याला कुलूप लावले तरी वारा, भरती-ओहोटी आणि गंज यांचे काम चालूच राहते. म्हणून भेटीची आखणी पुण्यातल्या लग्नाच्या मुहूर्तापासून नव्हे, तर बोट ज्या समुद्रात आहे तिथल्या ऋतूपासून सुरू करावी. बहुतेक अडचणी हा क्रम उलटा केल्याने येतात. आधी घरी तारीख कबूल केली जाते, मग तिकीट निघते, आणि शेवटी विमानतळाच्या गावी वेळेवर पोहोचायचे म्हणून वारा प्रतिकूल असतानाही नांगर उचलला जातो. बोट सुरक्षित ठिकाणी बांधल्यानंतरच तिकीट काढावे, हा नियम कितीही जवळच्या कार्यासाठी मोडू नये.

ऋतू आणि सण

सुदैवाने समुद्राचे वेळापत्रक आणि आपले पंचांग बऱ्याच ठिकाणी जुळते. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. या काळात बोट ठरावीक पट्ट्याबाहेर न्यावी किंवा जमिनीवर चढवून ठेवावी, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात. गणपती, नवरात्र, दसरा आणि दिवाळीही याच महिन्यांत येत असल्यामुळे बोट यार्डात (बोटी जमिनीवर चढवून ठेवण्याच्या आवारात) आणि माणूस घरी ही व्यवस्था दोन्हीकडून सोयीची ठरते. भूमध्य समुद्रात हिवाळ्यात बोटी बंद करून ठेवतात, तेव्हा आपल्याकडे लग्नसराई असते. दक्षिण प्रशांत महासागरात वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्याआधी बऱ्याच बोटी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला पोहोचतात आणि तिथून विमानाने निघणे सोपे असते. कोकणातले मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यावर जातात, त्यामागचा हिशोबही यापेक्षा वेगळा नाही.

वृद्ध आई-वडील मागे असतील आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा यावे लागणार असेल, तर माझ्या मते आग्नेय आशियाइतका सोयीचा तळ दुसरा नाही. मलेशियाचे लंकावी बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सहा अंशांवर असल्यामुळे मोठी चक्रीवादळे सहसा तिथे पोहोचत नाहीत. मे ते ऑक्टोबरच्या नैर्ऋत्य मोसमात पाऊस आणि झोताचे वारे असतात, पण चांगल्या मरीनात (बोटी बांधून ठेवण्याच्या छोट्या बंदरात) बोट बाराही महिने ठेवता येते, आणि क्वालालंपूरहून मुंबई काही तासांवर आहे. याउलट कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाहून भारतात यायचे तर लंडन, मायामी किंवा न्यूयॉर्कमार्गे यावे लागते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि ब्रिटनमध्येही काही सवलती सोडल्या तर ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. बोट कुठे ठेवायची हे ठरवताना मरीनाच्या भाड्याइतकाच हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

केवळ अक्षांशावर भिस्त ठेवू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. ग्रेनाडा पुरेसे दक्षिणेला आहे असे मानले जाई, तिथेच सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळाने हाहाकार माजवला. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ त्याच देशाच्या कारियाकू बेटावर आदळले, तेही हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना. म्हणून यार्ड निवडताना बोटी जमिनीत पक्क्या केलेल्या कड्यांना पट्ट्यांनी आवळतात की नाही, टेकू एकमेकांना साखळीने जोडतात की नाही, आणि हंगामात डोलकाठी उतरवून ठेवण्याची सोय आहे का, हे स्वतः विचारावे. चांगली यार्डे काही महिने आधीच भरतात.

कागदपत्रे

समुद्रमार्गे देशात शिरलेला माणूस विमानाने बाहेर पडणार असेल, तर त्याची नोंद बोटीच्या क्रू लिस्टवर असते आणि इमिग्रेशनच्या नजरेत तो अजून खलाशीच असतो. त्यामुळे निघण्यापूर्वी हार्बर मास्टर, कस्टम्स आणि इमिग्रेशन या तिन्ही ठिकाणी विचारून यादीतली नोंद दुरुस्त करून घ्यावी. कप्तानच देश सोडत असेल तर बोटीची जबाबदारी कोणाकडे राहणार, हे काही देशांत लेखी द्यावे लागते. बोटीची मुदत आणि माणसाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाची, बाहेर नोंदलेली बोट करमुक्त तात्पुरत्या आयातीखाली १८ महिने राहू शकते, पण माणसाला शेंगेन क्षेत्रात (एकमेकांच्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. अशा वेळी घरी घालवलेले दिवस शेंगेनच्या हिशोबात धरले जात नाहीत, आणि अनेकांसाठी भेटीची खरी वेळ त्यावरूनच ठरते.

परतताना बोटीकडे जायचे म्हणून आपण एकेरी तिकीट काढतो, आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर परतीचे तिकीट मागितले जाते. बोटीच्या नोंदणीची प्रत, मरीनाची पावती, क्रू लिस्ट आणि कप्तानाच्या सहीशिक्क्याचे पत्र हाताशी ठेवावे. तरीही काउंटरवरचा कर्मचारी अडून बसू शकतो, म्हणून पैसे परत मिळणारे पुढचे एखादे तिकीट काढून ठेवलेले बरे.

बोट त्रिनिदाद, पनामा किंवा ब्राझीलमध्ये ठेवून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र विसरू नये. भारताच्या यादीतल्या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय येणाऱ्या प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाते, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच प्रमाणपत्र वैध होते. अनिवासी भारतीयांनी आर्थिक वर्षातले भारतातले दिवसही मोजावेत. सर्वसाधारण मर्यादा १८२ दिवसांची आहे, पण भारतातले उत्पन्न १५ लाखांहून अधिक असल्यास ती १२० दिवसांवर येते. इतके उत्पन्न असलेला भारतीय नागरिक निवासाच्या कारणाने दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर तो भारतात निवासी मानला जाऊ शकतो. कोणत्याच देशात पक्का पत्ता नसलेल्या बोटकऱ्याने हे आपल्या सीएला आधी विचारावे.

बोट मागे ठेवताना

बोट पाण्यात ठेवायची असेल तर पहिले लक्ष बुडातल्या झडपांकडे द्यावे. बोटीत पाणी आत-बाहेर नेणारी प्रत्येक सीकॉक झडप बंद करावी, फक्त कॉकपिटमधले (सुकाणूपाशी बसण्याच्या उघड्या जागेतले) पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या ठेवाव्यात. इंजिनाच्या थंड पाण्याची झडप बंद केली की इंजिनाची किल्ली तिच्याच दांडीला अडकवावी, म्हणजे परतल्यावर झडप उघडल्याशिवाय इंजिन सुरूच करता येणार नाही. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यापाशी पाणी ठिबकत असेल तर तिथले पॅकिंग आवळून घ्यावे. बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठण्याची जागा; तिथल्या पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून पाहणे पुरेसे नाही. बिल्जमध्ये बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो आणि बंदही होतो, याची खात्री करावी. तो पंप बॅटरीवर चालतो, म्हणून सौर पॅनेल स्वच्छ आहेत आणि डोलकाठीची सावली त्यांच्यावर दिवसभर पडत नाही, हेही बघावे. किनाऱ्याच्या विजेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती तार जोडलेली असताना बोटीचे धातूचे भाग वाचवण्यासाठी पाण्याखाली लावलेले जस्ताचे तुकडे लवकर झिजू शकतात, आणि ते संपले की पंख्याची व दांड्याची पाळी येते.

दोर दुप्पट करावेत आणि ते जिथे घासतात तिथे जाड पाइपाचे तुकडे चढवावेत. शिडे गुंडाळून घट्ट बांधली तरी वादळी वारा त्यांतली एखादी दुमड शोधून शीड उलगडून टाकतो, आणि मग उभ्या बोटीचे आणि शेजारच्या बोटीचेही नुकसान होते. म्हणून शिडे, बिमिनी (कॉकपिटवरचे कापडी छत) आणि कापडाची सर्व आवरणे उतरवून आत ठेवावीत. जमिनीवर चढवलेल्या बोटीत उलटी अडचण असते. डोलकाठी डेकमधून खाली जात असेल तर पावसाचे पाणी तिच्या बाजूने आत उतरून बिल्जमध्ये साठते, आणि तिथे पंप बंद असेल तर ते फळ्यांपर्यंत चढते.

उष्ण प्रदेशात खरा शत्रू बुरशी आहे. लाकूड आणि छत व्हिनेगरने पुसावे, गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची आणि फ्रिजची दारे उघडी ठेवावीत. हवा कोरडी करणारे यंत्र लावणार असाल तर त्याचे पाणी जाते कुठे हे ठरवावे, कारण ते मोरीत सोडले तर मोरीची झडप उघडी ठेवावी लागते आणि वर सांगितलेला नियम तिथे मोडतो. बादली भरली की आपोआप बंद होणारे यंत्र त्यापेक्षा बरे. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरून जंतू वाढायला जागा उरत नाही. संडासाच्या नळीत समुद्राचे पाणी राहिले तर परतल्यावर जो वास येतो तो काही दिवस जात नाही, म्हणून ती गोड्या पाण्याने धुऊन काढावी. गॅसचा सिलिंडर बंद करावा. रवा, पोहे, डाळी आणि कणीक शेजारच्या बोटींना देऊन टाकावीत, कारण त्यांतले किडे नंतर पुस्तकांच्या कप्प्यातही सापडतात. वीज पडण्याच्या भीतीने हातातला रेडिओ आणि जीपीएस ओव्हनमध्ये ठेवण्याची रीत बोटकऱ्यांत आहे. ती पाळायची असेल तर ओव्हनच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी.

आणि बोटीकडे बघणारा माणूस नेमावा. मरीनाचा पहारेकरी ये-जा करतो, पण तो बिल्ज उघडून बघत नाही. आठवड्यातून एकदा बोटीत उतरून बिल्जचा, बॅटरीच्या आकड्याचा आणि दोरांचा फोटो पाठवणाऱ्याला ठरलेले पैसे द्यावेत. अडचणीच्या वेळी तो किती रकमेपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करू शकतो, हेही लेखी ठरवावे. बोट कोणी नसताना किती दिवस ठेवता येते याबद्दल विम्याच्या करारात अट असेल, तर ती आधीच वाचावी.

अचानक बोलावणे आले तर

ठरवून केलेल्या भेटीपेक्षा अवघड भाग हा आहे, आणि तो घरच्यांशी आधी बोलून ठेवावा लागतो. प्रशांत महासागरात गालापागोसहून मार्केसस बेटांपर्यंतचा टप्पा सुमारे तीन हजार सागरी मैलांचा आहे. त्यात तीन-चार आठवडे जातात आणि मध्ये वळण्यासारखे बंदर नाही. अशा टप्प्यावर निघण्यापूर्वी आई-वडिलांच्या प्रकृतीची चौकशी करावी. या काळात काहीही झाले तरी आम्हाला येता येणार नाही, अंत्यसंस्कार आमच्यासाठी थांबवू नका, जमल्यास तेराव्याला पोहोचू, हे भावाबहिणींना स्पष्ट सांगावे. ऐकायला कठोर वाटते, पण ऐनवेळी उपग्रह फोनवरून हे बोलण्यापेक्षा बरे. घरच्या एका माणसाकडे बोटीचे नाव, नोंदणी आणि एमएमएसआय क्रमांक (बोटीच्या रेडिओचा ओळखक्रमांक), नियोजित मार्ग आणि विमा कंपनीचा संपर्क ठेवावा. दोन-तीन दिवस निरोप आला नाही म्हणजे संकट नव्हे, हेही त्याला समजावून सांगावे. किनाऱ्याजवळ असताना एकाने घरी जायचे आणि दुसऱ्याने बोटीवर राहायचे, अशी वेळ येऊ शकते. म्हणून जोडीदाराला एकट्याने नांगर उचलणे, बोट दुसरीकडे नेणे आणि बांधणे जमले पाहिजे, आणि बोटीच्या व्यवहाराचे अधिकारपत्रही त्याच्या नावे तयार असावे.

घरी आल्यावर

बोटकऱ्याला स्वतःचे घर नसल्यामुळे तो प्रत्येक भेटीत कोणाच्या तरी घरी उतरतो, आणि एक महिना राहणारा पाहुणा कितीही लाडका असला तरी त्या घरातल्या बाईला ते काम पडते. दोन आठवड्यांहून अधिक राहायचे असेल तर भाड्याची जागा घ्यावी. पहिले एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, तेव्हा लगेच मोठा प्रवास ठेवू नये. मुक्काम एका ठिकाणी ठेवून मित्रांना एकत्र बोलवावे आणि म्हाताऱ्या नातेवाइकांकडे मात्र आपण जावे.

दात, डोळे, रक्ततपासणी आणि पासपोर्ट ही कामे पहिल्याच आठवड्यात सुरू करावीत. देशोदेशीच्या शिक्क्यांनी ३६ पानी पासपोर्ट लवकर भरतो, म्हणून नूतनीकरणात ६० पानी मागावा. पोलीस पडताळणीसाठी घरचा एक पत्ता कायम ठेवावा लागतो. सामान भरताना लक्षात ठेवावे की संकटसूचक फ्लेअर विमानात कधीच नेता येत नाहीत. आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट आणि त्याची वायूची नळकांडी विमान कंपनीच्या परवानगीनेच चालतात. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, त्याही १०० वॉट-तासांपर्यंतच, त्यापुढे १६० पर्यंत परवानगी घ्यावी लागते. बोटीचे सुटे भाग नेताना बिल आणि नोंदणीची प्रत सोबत ठेवावी, कारण परदेशी बोटीसाठीच्या सामानावर अनेक देश कागद दाखवल्यास जकात लावत नाहीत.

परतल्यावर पहिला आठवडा बोटीसाठी राखून ठेवावा आणि त्यात कोणाला भेटीची वेळ देऊ नये. आधी बिल्ज बघावे, मग दोर, मग बॅटऱ्या. त्यानंतर झडपा एकेक करून उघडून प्रत्येकीशी पाच मिनिटे थांबावे, कारण महिनोन्महिने बंद राहिलेली नळी उघडल्यावरच गळू लागते. उष्ण पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर शंख-शिंपले धरलेले असतात. ते खरवडून काढल्याशिवाय इंजिनाला गिअर घालू नये.