कळसावरचा ध्रुव: ग्वाल्हेरमधून स्टार ट्रेल कसे काढावेत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गच्चीवरून आकाशगंगा टिपायच्या फंदात पडू नका; दिव्यांच्या उजेडात ती बुडालेली असते. स्टार ट्रेल, म्हणजे ओळीने काढलेले अनेक फोटो एकावर एक जोडून मिळणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा, मात्र त्याच आकाशात छान येतात, कारण ठळक तारे उजेडातही टिकतात आणि ध्रुवाभोवती तासाला 15 अंश सरकतात. पुढे शिखराचं देऊळ किंवा जुना वाडा हवा. तुम्ही त्याच्या दक्षिणेला, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला. किल्ल्यावरची सास-बहू मंदिरं मनात असतील तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा.

किती लांब उभं राहायचं, यावर सगळं फोटोचं गणित आहे. ग्वाल्हेर 26.2 अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून जवळजवळ तेवढाच वर दिसतो. कळसाच्या उंचीतून कॅमेऱ्याची उंची वजा करा (गच्चीवर असाल तर गच्चीचीही). उरलेल्या आकड्याच्या दुप्पट अंतरावर कळसाचं टोक ध्रुवावर येतं. पावणेतीनपट अंतरावर ध्रुव कळसाच्या सहा अंश वर राहतो. शिखर 12 मीटरचं आणि कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर 21 किंवा 29 मीटर. यातलं दुसरं अंतर घ्या. कळसामागे ध्रुव झाकला गेला की वर्तुळांना मध्यच उरत नाही, कारण त्याच्या शेजारचे तारे इतके मंद असतात की शहरात ते उमटत नाहीत.

ध्रुव शोधायला मोबाइलच्या कंपासवर विसंबू नका, गच्चीच्या लोखंडी सळ्या त्याला चकवतात. मार्चमध्ये सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू ध्रुवाकडे बोट दाखवतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधा.

पावसाळा सरल्यावरची हवा सर्वांत स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत धुकं, मे-जूनमध्ये धूळ. तिथी शुक्ल पंचमी ते अष्टमीमधली निवडा: संध्याकाळी चंद्र तुमच्या पाठीशी, नैऋत्येकडे असतो, फ्रेममध्ये येत नाही आणि देवळाच्या भिंतीवर मऊ उजेड टाकतो.

फुल फ्रेम (मोठ्या, 35 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 16 मिमी लेन्स लावून कॅमेरा उभा धरा आणि लेव्हलमध्ये, म्हणजे वर-खाली न झुकवता ठेवा. वर तिरका केला की शिखर मागे कलल्यासारखं दिसतं. लेव्हलमध्ये क्षितिज मधोमध येतं, पण खालची जमीन नंतर कापता येते. फोकस मॅन्युअल करा, दोनशे मीटरपलीकडचा दिवा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून नेमका जुळवा आणि रिंगवर टेप लावा. एफ 4 ला (लेन्सच्या छिद्राचा आकडा) 29 मीटरवरचं देऊळही त्यात तीक्ष्ण येतं.

सूर्यास्तानंतर 25-30 मिनिटांनी देवळाचे कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन-चार फोटो घ्या. इमारतीचा तपशील याच फोटोंतून घ्यायचा आहे, म्हणून यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

पूर्ण अंधार झाला की: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, एफ 4, 15 सेकंद, व्हाइट बॅलन्स 4000 केल्विनवर पक्का, रॉ फाइल. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून साधारण एक तृतीयांशावर हवा. त्याच्याही उजवीकडे गेला तर आयएसओ 200 करा. दोन फोटोंमध्ये एक सेकंद मोकळा ठेवा. दीड तासात साधारण 340 फोटो होतात आणि सव्वाबावीस-साडेबावीस अंशांचे कंस मिळतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि रेषा तुटक येतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद. गच्चीवर कोणी चाललं तरी स्लॅब हादरतो, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

थंडीत बहुतेकदा घात करतं ते दव. पहिले शंभर फोटो स्वच्छ, मग तारे हळूहळू फुगट आणि फिके होत जातात. पडद्यावर हे चटकन लक्षात येत नाही. काच पुसायला गेलात तर कॅमेरा हलतो. सुरुवातीलाच लेन्सभोवती यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी गुंडाळा. ती नसेल तर हात शेकायची गरम पाकिटं रबर बँडने बांधा. लेन्स हूडही लावा, शेजारच्या खांबाचा दिवा अडतो.

महाराजपूर विमानतळाच्या विमानांच्या रेषा काही फोटोंत येणारच. जोडण्याआधी त्या-त्या फोटोत रेषेवर काळा ब्रश फिरवा. फोटो जोडणाऱ्या स्टारस्टॅक्स सॉफ्टवेअरच्या लायटन मोडमध्ये प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपकाच राहतो, म्हणून काळं गळून पडतं. मग संध्याकाळचा फोटो खालच्या थरात ठेवा आणि शिखराच्या कडेने मास्क करा, म्हणजे वरच्या थरातला देवळाचा भाग झाका. कडेवर उजळ पट्टी उमटली तर संध्याकाळचाच थोडा अंधारा फोटो वापरून पाहा.