मिस्त्री मामा रविवारी येणार असतील तर

मामा मिस्त्री असले की बाथरूमच्या लाद्या घरच्या घरी बदलायचं सहज ठरतं. अडचण अशी की त्यांना सुट्टी रविवारी, आणि मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत रविवारी ठोकाठोकीला बंदी. म्हणून तोडफोड तुम्हीच आठवड्यात उरका. सोसायटीला लेखी कळवा, जुन्या लाद्या काढा, डेब्रिज गोण्यांत भरा (रोजच्या कचऱ्यात नको, पालिकेचे त्यासाठी वेगळे नियम आहेत). छिन्नी लावण्याआधी मात्र मामांना व्हिडिओ कॉलवर भिंती दाखवा आणि पाइप, वायरिंग कुठून गेलंय ते विचारून खडूने आखून घ्या.

रविवारी त्यांच्या हातून उतार आणि वॉटरप्रूफिंगच करून घ्या. लादी चिकटवायला आपणही शिकतो, पण उतार चुकला तर पाणी जाळीकडे जायचं सोडून दारात साचतं. वॉटरप्रूफिंग नीट सुकलं की जाळीचं तोंड बंद करून पाणी भरा. किमान 24 तास, जमल्यास 48. मग खालच्या घरी जाऊन छत बघा. तोवर एकही लादी बसवायची नाही, मामा कितीही म्हणाले, ‘अरे, माझं काम आहे, गळणार नाही.’ लाद्या पुढच्या रविवारी.

गीझरचं कनेक्शन परवानाधारक वायरमनकडूनच. मामा ‘तेही करतो’ म्हणतील, तेव्हा चहा पुढे करा.

मामा पैसे घेणार नाहीत, ठीक. पण सोबत आणलेल्या हेल्परची मजुरी त्याच संध्याकाळी त्याच्या हातात द्या. तो काही तुमचा मामा नाही.