कागद कोल्हापूरचे, अर्ज परदेशातला: जोडीदाराच्या इमिग्रेशनसाठी कागदपत्रं कशी जमवावीत

तुम्ही टोरंटोत किंवा न्यू जर्सीत, बायको किंवा नवरा कोल्हापुरात, आणि कागदांसाठी हेलपाटे घालणार दीर, मामा, नाहीतर साठी उलटलेले सासरे. अशा अर्जात फॉर्म भरणं त्यातल्या त्यात सोपं असतं. अडतं ते नावावर. जन्मनोंदीतलं मूल, शाळेच्या दाखल्यावरची विद्यार्थिनी, विवाह प्रमाणपत्रातली वधू आणि पासपोर्टवरची बाई ही एकच व्यक्ती आहे, हे मराठीचा गंध नसलेल्या अधिकाऱ्याला नुसत्या कागदांवरून पटलं पाहिजे.

म्हणून कुणालाही महापालिकेत पाठवण्याआधी घरात आहेत तेवढ्या कागदांचे फोटो मागवा आणि एक तक्ता करा. प्रत्येक कागदावरचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मगाव जसंच्या तसं उतरवा. स्पेलिंग मनाने सुधारू नका, चूक असेल तर चुकीसकट लिहा. तक्ता समोर आला की कोणता कागद नव्याने काढायचा आणि कोणता दुरुस्त करायचा ते तासाभरात ठरतं. तक्ता न करता सुरुवात केली, तर विवाह प्रमाणपत्र हातात पडल्यावर पासपोर्टवरचं स्पेलिंग वेगळं असल्याचं लक्षात येतं.

आपल्या भागात हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे ‘सो’. जन्मनोंदीत वडील ‘बाळासो’, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’, मुलीच्या पासपोर्टवर ‘बाळू’. कोल्हापुरात हे तिन्ही एकाच माणसाचं नाव आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण कॅनडाच्या अधिकाऱ्यापुढे तीन वेगळे बाप उभे राहतात. यावर उपाय वडिलांचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र: अमुक कागदावर असं, तमुक कागदावर तसं नाव आहे आणि तिन्ही नावांची व्यक्ती मीच. कागदांची नावं आणि क्रमांक त्यात लिहा. नुसतं ‘वेगवेगळ्या कागदांवर’ म्हटलेल्या प्रतिज्ञापत्राचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट आडनावाच्या जागेची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर त्याचा रकाना वेगळा असतो, आणि भाषांतरात ‘पाटील’ हे पहिलं नाव होऊन बसतं.

लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर त्याच नावाने अर्ज करा आणि सासरचं नाव फॉर्ममधल्या ‘इतर नावं’च्या रकान्यात द्या. दोन्ही नावांना जोडायला विवाह प्रमाणपत्र आहे. अर्ज चालू असताना मध्येच पासपोर्टवरचं नाव बदलणं मात्र टाळा. बाकीचे सगळे कागद जुन्या नावाचे राहतात आणि खुलाशांचं शेपूट वाढत जातं.

आता जन्माचा दाखला. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे जन्म झाला तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे घर शिवाजी पेठेत असलं तरी नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत असू शकते. उलट गाव करवीर किंवा कागल तालुक्यातलं, पण प्रसूती सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यात झाली असेल, तर नोंद महापालिकेकडे. आधी आईला विचारा, मग माणूस पाठवा. नोंद आईवडिलांच्या नावाने आणि तारखेने शोधतात. शाळेतली तारीख खरी तारीख नसेल, तर मागचेपुढचे महिनेही पाहायला सांगा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत.

नोंद सापडली तरी बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. असा दाखला अर्जाला पुरत नाही. नाव घालायला नियमानं नोंदणीपासून १५ वर्षं मिळतात. राज्यात वेळोवेळी मुदतवाढही दिली गेली आहे, तेव्हा आत्ताची स्थिती जन्मनोंदी ठेवणाऱ्या निबंधकाकडे विचारा. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं ओळखपत्र सोबत द्या आणि नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच घालून घ्या. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत मागा. हाती लिहिलेला जुना उतारा असेल तर संगणकीय प्रत नव्याने काढा. घरातली जुनी प्रत लॅमिनेट केलेली असते. तिच्या मागे शिक्का मारता येत नाही.

नोंदच सापडली नाही, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा नमुना १० मधला दाखला त्याच निबंधकाकडून घ्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. अमेरिकेच्या अर्जाला हा संच चालतो. आई किंवा वडील हयात नसतील तर जन्म आठवतो अशा, वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र द्या. आत्ता घाईने उशिराची नोंद करून घ्यायचा मोह होतो. एक वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तिशीतल्या माणसाची गेल्या महिन्यातली जन्मनोंद पाहिली की अधिकारी शाळेचा जुना पुरावा मागतोच.

विवाह नोंदणी मात्र परदेशातून उरकत नाही. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे नमुना ‘ड’ भरतात. त्यावर नवरा, बायको, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या असतात, १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि प्रमाणपत्र नमुना ‘ई’मध्ये मिळतं. शहरात महापालिका, खेड्यात ग्रामपंचायत. सुट्टी दोन आठवड्यांची असेल तर नोंदणीचा दिवस लग्नाच्या तारखेबरोबरच ठरवा. साक्षीदार ओळखपत्रं घेऊन वऱ्हाडातच असतात आणि भटजींची सही मांडवातच घेता येते. पाहुणे पांगल्यावर हीच पाच-सहा माणसं एका टेबलापाशी आणायला फार यातायात पडते. देवस्थानाची पावती, मंगल कार्यालयाचं पत्र किंवा नोटरी केलेला विवाह करार यांपैकी काहीही प्रमाणपत्राची जागा घेत नाही. प्रमाणपत्र ताब्यात घेताना खिडकीवरच पासपोर्ट शेजारी धरून दोघांच्या नावांचं एकेक अक्षर आणि लग्नाची तारीख ताडून पाहा. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा. स्टॅम्प पेपरवरच्या सोडचिठ्ठीवर विसंबू नका.

पोलीस क्लिअरन्समध्ये गल्लत ठरलेली. पोलीस खातं नोकरीसाठी जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र देतं ते वेगळं. इथे लागतं पासपोर्ट खात्याचं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये शुल्क, आणि कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेता येते. हे केंद्र पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. पत्ता पासपोर्टवरच्यापेक्षा वेगळा असेल तर पोलीस ठाण्यातून चौकशी होते. त्या दिवसांत माणूस घरी हवा, आणि ‘सी वॉर्ड’, ‘ई वॉर्ड’ धरून घरक्रमांक नीट लिहिलेला हवा. जोडीदार आखातात असेल तर भारताचं पीसीसी तिथल्या भारतीय दूतावासामार्फत निघतं. कॅनडाला गेल्या १० वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं, अशा प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र लागतं. १८ वर्षांच्या आधीचा काळ त्यात धरत नाहीत. सध्या राहता त्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. म्हणून कोल्हापूरचं पीसीसी सगळ्यात शेवटी काढा, आणि दुबई-मस्कत सोडलं असेल तर तिथलं प्रमाणपत्र तिथला मुक्काम संपल्यानंतरच्या तारखेचं घ्या.

भाषांतरात सगळ्यात वाईट चुका आकड्यांच्या होतात. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, ७ सहासारखा, ४ आठसारखा. शाळेच्या दाखल्यावरची १४ तारीख घाईत वाचणाऱ्याला ९८ वाटते, आणि १७ साल बघता बघता ९६ होतं. भाषांतर हातात आलं की आधी सगळे आकडे तपासा, मग नावं. गोल शिक्क्यातला मराठी मजकूरही भाषांतरात यायला हवा. कॅनडाला स्वतः अर्जदाराने किंवा घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग तो भाऊ व्यवसायाने भाषांतरकार का असेना. आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. अमेरिकेला ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं भाषांतरकाराच्या सहीचं निवेदन पुरतं. या दोन्ही देशांच्या अर्जाला ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, मागत नाहीत, तेव्हा एजंटाने गळ्यात मारलं तरी त्यावर पैसे घालू नका. जर्मनीचं वेगळं आहे. भारताचं ॲपोस्टिल तिथे मानत नाहीत, दूतावासाच्या सूचनेप्रमाणेच चालावं लागतं.

नातं खरं आहे याचा पुरावा ठरवून केलेल्या लग्नात जरा जपून मांडावा लागतो. बघण्याचा कार्यक्रम, मग बैठक, साखरपुडा, आणि दोन महिन्यांत लग्न, हा क्रम आपल्याला नेहमीचा. परक्या अधिकाऱ्याला तो संशयास्पद वाटू शकतो. कॅनडाच्या आयएमएम ५५३२ फॉर्ममध्ये पहिली भेट कधी, ओळख कुणी करून दिली, समारंभ कोणते झाले हे विचारतात. स्थळ कुणी सुचवलं, त्यांचं नातं काय, पहिल्यांदा दोघं कधी बोललात, हे तारखांसह लिहा. दोघांनी आधी फोनवर बसून तारखा जुळवा. तारीख लग्नपत्रिकेवर आणि फोटोंवर पडताळून घ्या, तिथीच्या आठवणीवर नको. फोटो जास्तीत जास्त २०, संदेशांची पानं १०. स्टेजवरचे आहेराचे फोटो भरू नका. सप्तपदी, साखरपुड्याला दोन्हीकडचे आईवडील, लग्नानंतर जोतिबाला किंवा अंबाबाईला जोडीने जातानाचा, आणि लग्नानंतरच्या प्रत्येक भेटीतला एखादा फोटो घ्या. खाली तारीख, जागा, कोण आणि काय नातं ते लिहा. संदेश सलग एका आठवड्याचे नकोत, महिन्यामहिन्यातून थोडे. घरी पैसे पाठवता ते बँकेतून पाठवा. मित्राच्या हाती दिलेल्या नोटांचा मागमूस राहत नाही.

कागदांचा क्रम देशावर ठरतो. अमेरिकेच्या आय-१३० टप्प्यावर, म्हणजे जोडीदारासाठी तुम्ही करायच्या पहिल्या अर्जाला, विवाह प्रमाणपत्र, तुमच्या नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा, फोटो आणि नात्याचे पुरावे लागतात. जन्मदाखला आणि पीसीसी पुढच्या टप्प्यावर, पण जन्मदाखल्याचं काम आजच सुरू करा, वेळ त्यालाच लागतो. ब्रिटनला ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. नोकरीच्या उत्पन्नावर अर्ज असेल तर साधारण सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट्स द्यायची, आणि शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतलं हवं. भारतातून जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्राची क्षयरोग तपासणीही लागते. कॅनडाचा पीआर (कायम रहिवासी) असलेल्याने स्वतः कॅनडात राहूनच अर्ज करावा लागतो. नागरिक असाल तर बाहेरूनही करता येतो, मात्र परत येऊन राहणार याचा पुरावा हवा: नोकरीचं पत्र, घराचा करार.

मूळ कागद कोल्हापुरातच, जोडीदाराच्या हाताशी ठेवा, कारण अमेरिकेच्या मुंबईतल्या मुलाखतीला तेच न्यावे लागतात. तुमच्याकडे प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन असू द्यात. फायलीला ‘जन्मदाखला-पत्नी’ असं नाव द्या आणि नवी प्रत आली की जुनी फाईल काढून टाका.